अर्धी चिठ्ठी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा आम्ही संपाचा इतिहास सांगू, अशी त्यांची समजूत असावी. कामगार चळवळीतला माणूस म्हटला की संप, मोर्चा आणि लाठीमार ह्यांपलीकडे त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते असा एक समज आहे, आणि तो पसरविण्यास आम्हीच बरेचसे कारण झालो आहोत. तथापि आज आम्ही वरळीतल्या एका लाकडी फळीविषयी बोलणार आहोत. ही फळी औषधाच्या दुकानातली. तिच्या आत उभा राहणाऱ्याला पूर्वी कंपाउंडर म्हणत, कायदा त्याला फार्मासिस्ट म्हणतो, आणि वस्तीतली माणसे त्याला 'मेडिकलवाले' म्हणतात. दुखण्याच्या पाठीमागे जी अडचण असते, म्हणजे पगार थकलेला असणे, घरात खाणारी तोंडे फार असणे, पाळी चुकवली तर काम जाण्याची भीती असणे, ती ह्या माणसाला डॉक्टरच्या आधी, इस्पितळाच्या आधी, आणि सांगावयास लाज वाटते पण युनियनच्याही आधी कळत आली आहे. ती त्याला कशी कळत आली आणि कळल्यावर पुढे काय झाले, एवढाच आमचा विषय.

आमचा जन्म वरळीच्या बी. डी. डी. चाळीतला. गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या कारकीर्दीत, १९२० साली, मुंबईच्या विकासासाठी म्हणून एक सरकारी खाते निघाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. बांधल्या तेव्हा भाडे परवडेना आणि गिरण्याही लांब पडत, म्हणून वरळीच्या कितीतरी चाळी काही वर्षे ओस पडून होत्या. पुढे त्या अशा भरल्या की जिन्याखालीसुद्धा माणसे निजू लागली.

वरळी नाक्याच्या अंगाला एक औषधाचे दुकान होते. तेथे जे गृहस्थ उभे असत त्यांना सगळी चाळ 'काका' म्हणे. तरुणपणी ते एका डॉक्टरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखान्यात घरची बाटली घेऊन जावयाची, तीत तांबडे मिक्श्चर भरून घ्यावयाचे, आणि बाटलीला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवावयाची, म्हणजे एका खाचेचा एक डोस. ही कामे त्यांनी कित्येक वर्षे केली. १९४८ चा फार्मसी कायदा आला तेव्हा पाच वर्षे औषधे बनविण्याचे काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची सवलत होती. त्या वाटेने काकांचे नाव लागले. शाळा त्यांची आमच्याएवढीच, म्हणजे नसल्यासारखी.

चिठ्ठी पुढे केली की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवसांचं देऊ, वहिनी?"

डॉक्टरने तर सात दिवसांचे लिहिलेले असे. मग हा प्रश्न कशाला, असे आम्हांला लहानपणी वाटे. मोठे झाल्यावर उमगले की ह्या प्रश्नात फार मोठी सभ्यता होती. "पैसे आहेत का?" असे विचारले असते तर चार माणसांत बाई ओशाळी झाली असती, आणि पुढल्या खेपेला दुकानाची पायरीच चढली नसती. "किती दिवसांचं?" म्हटले की "सध्या तीनच द्या, भाऊ" असे मान न घालता सांगता येई. ही अर्धी चिठ्ठी. पुरी लिहिलेली आणि अर्धी घेतलेली. गरिबीची मोजणी करावयास पुढे कितीतरी आयोग आले, पण ह्या कागदाएवढे नेमके मोजमाप आमच्या पाहण्यात नाही. आणि हा कागद कोणत्याही दप्तरात ठेवला गेला नाही.

ह्या गोष्टीचे मूळ शोधू लागलो की निदान प्लेगापर्यंत मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीचा ताप ओळखला. त्यानंतर सरकारी पथके घराघरांत शिरू लागली आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. आपल्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी त्या वेळी भाषणे ठेवून कामगारांसाठी इस्पितळ उभे केले, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. गिरणीकामगारांचा पहिला पुढारी औषधपाण्याच्या कामात मेला, हे आम्ही मंडळी जयंतीच्या दिवशी म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

परंतु फळीची खरी कहाणी सुरू होते ती बाळगोळीपासून. आजच्या श्रोत्यांपैकी तरुणांना हा शब्द ठाऊक नसेल. बाळगोळी म्हणजे तान्ह्या मुलाला द्यावयाची अफूची लहानशी गोळी. गिरणीत जाणारी बाई सकाळी मुलाला ती चाटवी, मूल दिवसभर गुंगीत पडून राही, आणि आई दहा तास कामावर उभी राही. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी सरकारसाठी कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली, तेव्हा त्यांना असे आढळले की गिरणीत जाणाऱ्या आयांच्या दर १०० तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती. त्याच सुमारास, १९२१ साली, मुंबईत एका खोलीच्या बिऱ्हाडांत बालमृत्यूचे प्रमाण हजारी ८२८ नोंदले गेले होते. ह्या आकड्यात एक गफलत आहे, ती सांगितलीच पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर जात. जन्म लागे गावच्या वहीत आणि मरण लागे मुंबईच्या. पण गफलत वजा घातली तरी उरते ते छातीत धडकी भरविणारेच आहे.

आता ही गोळी बाई आणी कोठून? दुकानातून, उघडपणे. विकणाऱ्याला ती कशासाठी जाते हे पक्के माहीत असे. रोज त्याच वेळी, त्याच बाया, कडेवर मूल. त्या फळीवर जे विकले जात होते ते औषध नव्हतेच. गिरणीत पाळणाघर नाही ह्या गोष्टीची ती रोजची पावती होती. विकणाऱ्याने पैसे घेतले आणि तो गप्प राहिला. आम्ही त्याला एकट्याला दोष देणार नाही, कारण त्या बाईंनी दारोदार हिंडून मोजीपर्यंत बाकीचेही गप्पच होते. पुढे १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात प्रसूतिकाळाच्या भत्त्याच्या बिलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९२९ साली तो कायदा झाला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. मालकांनी त्यावर काय केले? हळूहळू बायाच कमी केल्या. कायद्यातली पळवाट काढण्याची बुद्धी आमच्या मालकवर्गाला परमेश्वराने भरपूर दिली आहे.

इस्पितळांत ह्या अडचणींची दखल घेणारा माणूस उशिरा आला. टाटांच्या समाजकार्याच्या शाळेची स्थापना १९३६ ची. आणि रुग्णाच्या घरच्या परिस्थितीची विचारपूस करणारा समाजसेवक जे. जे. इस्पितळात नेमला गेला तो १९४६ साली. फार चांगली गोष्ट झाली. पण वरळीचा माणूस भायखळ्याला केव्हा जाई? रक्त पडू लागले म्हणजे. तोवर त्याची सारी दुखणी नाक्यावरच्या फळीवर येऊन गेलेली असत.

ह्या साऱ्या काळात अर्धी चिठ्ठी खरोखर पुरी झाली असेल तर ती एकदाच. राज्य कामगार विमा कायदा झाला १९४८ साली. योजना प्रथम कानपूर-दिल्लीकडे १९५२ मध्ये निघाली आणि मुंबईत १९५४ साली आली. सरकारी दवाखाने पुरे पडणार नाहीत म्हणून मुंबईत पॅनेलची पद्धत धरली. वस्तीतलेच खाजगी डॉक्टर पॅनेलवर घेतले, त्यांनी चिठ्ठी लिहावी, आणि मान्यताप्राप्त औषधविक्रेत्याने औषध देऊन बिल सरकारकडे पाठवावे. विमा कार्ड खिशात असलेला साचेवाला छाती पुढे काढून दुकानात येई, असे काका सांगत. "किती दिवसांचं देऊ?" हा प्रश्न त्यांनी त्या माणसांपुरता बंद केला.

पण मेख अशी की आरंभी विमा होता केवळ कामगाराचा. घरच्या माणसांना उपचार देण्याची सोय देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मधल्या काळात काय होई त्याची एक गोष्ट चाळीत हसत हसत सांगत असत. मिशाळ, धट्टाकट्टा कामगार चिठ्ठी घेऊन येई आणि तिच्यावर औषध बाळंतिणीचे! कंपाउंडर एकदा चिठ्ठीकडे बघे, एकदा त्याच्या मिशांकडे बघे, आणि औषध बांधून देई. नियमाने हा अपराध झाला. आम्हांला विचाराल तर ही नियमातली उणीव दाखविणारी पहिली तक्रार होती. मात्र ती तक्रार म्हणून वर कोणी धाडली नाही. बदली कामगार, हातगाडीवाले, घरोघर भांडी घासणाऱ्या बाया ह्यांना तर विमाच नव्हता. त्यांची चिठ्ठी अर्धीच राहिली.

काकांची दुसरी एक गोष्ट आम्हांला आजही टोचते. ते म्हणत, "सोमवारी खोकल्याच्या बाटल्या पुरत नाहीत." आम्ही पोरे त्यावर विनोद करीत असू की रविवारची पिणे-खाणे सोमवारी घशाशी येतात. कापसाच्या धुळीने छातीला जो रोग जडतो, ज्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, त्याचे लक्षणच हे की सुटीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले म्हणजे छाती आवळून येते. ब्लो-रूम आणि कार्डिंग खाते ह्यांत राबणाऱ्यांना तो अधिक. के. ई. एम. मध्ये डॉ. कामत ह्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांत ह्या रोगाचा अभ्यास केला, आणि १९९० नंतर ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी कामगारांच्या छात्या तपासून भरपाईचे दावे लढविले. तोपर्यंत गिरण्यांचे भोंगेच एकेक करून बंद पडू लागले होते. फळीवर मात्र हे सोमवारचे गणित कित्येक वर्षे मांडलेले होते. बोनसच्या टक्क्यांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या आम्हां युनियनवाल्यांना सोमवार आणि मंगळवार ह्यांतला फरक कोणाला विचारावासा वाटला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, आम्ही तो येथे उगाळत नाही. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो, आणि आमच्या आठवणीत तो संप औषधाच्या दुकानातून शिरला. हजेरी नाही तेथे पगार नाही, पगार नाही तेथे विम्याची वर्गणी नाही, आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांनी विम्याचा हक्कही आटतो. पावसाळा लागला तशी अर्धी चिठ्ठी परत आली. पहिल्यांदा बायांनी आपली औषधे सोडली, मग म्हाताऱ्यांची सुटली, पोरांची सगळ्यांत शेवटी. हा क्रम आम्ही मागाहून काकांच्या तोंडून ऐकला. गावाकडे कोण गेले, भांडी कोणाची मोडीत निघाली, सावकाराचे व्याज कोणाच्या दारात बसले, हे त्यांना चिठ्ठीवरून समजे. कोणाला ते उधार देत. कोणाला खानावळवाल्या बाईकडे पाठवीत, कारण रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेणे बरे नसे. कोणाच्या घरी धान्य पोचलेले नाही हे ते संप समितीच्या पोरांच्या कानावर घालीत. कधी त्याचा उपयोग होई, कधी होत नसे.

ह्यानंतरची गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. २००१ चे साल असेल. आम्ही तोवर युनियनचे पूर्णवेळ काम करू लागलो होतो, आणि फळीच्या आत काकांचा मुलगा उभा राहत होता, रीतसर डिप्लोमा झालेला. तो एके संध्याकाळी कार्यालयात येऊन म्हणाला, "दादा, तुमचा तो गिरणी सुटल्यावर वॉचमन झालेला माणूस, त्याला क्षय आहे. सरकारी औषध मध्येच सुटलंय त्याचं. माझ्याकडे नुसतं खोकल्याचं न्यायला येतो." आम्ही उत्तर दिले की युनियनचे काम वेगळे, औषधाचे काम वेगळे. त्या वेळी सरकारी उपचारात रोग्याने आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जाऊन दुसऱ्याच्या नजरेसमोर गोळ्या घ्यावयाच्या असत. केंद्र उघडण्याची वेळ आणि ह्याची पाळी सुटण्याची वेळ जुळत नव्हती. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडली तर ठेकेदार काढून टाकणार. त्याला गोळ्या फुकट होत्या. त्याच्यापाशी नव्हता तो सकाळचा एक तास. एक तास सोडवून घेणे हे आमचे कामच होते, जन्मभर आम्ही दुसरे काय केले? पण क्षय हा शब्द ऐकला आणि आम्ही हात झटकले. आठ-नऊ महिन्यांनी तो गेला.

पुढे काही वर्षांनी, २००६ च्या सुमारास, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईतल्या काही औषधविक्रेत्यांना क्षयरोगाच्या कामाचे शिक्षण दिल्याचे आमच्या वाचनात आले. संशयित रोगी ओळखून तपासणीला पाठवावा आणि दुकानातच त्याला डोस द्यावा, अशी ती कल्पना. रात्री दहापर्यंत उघडे असणारे दुकान! वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. २०१२ साली केंद्रीय क्षयरोग विभागाने औषधव्यवसायाच्या संघटनांशी ह्याच कामासाठी करार केला.

मेडिकलवाल्यांची आरती ओवाळावयास मात्र आम्ही येथे आलेलो नाही. ह्याच फळीवरून चिठ्ठीवाचून प्रतिजैविके सुटी विकली गेली आहेत, आणि अर्धवट औषधांनीच क्षयाचा जंतू बळावला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या धारावीच्या पाहणीत १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० तऱ्हांचे उपचार लिहून दिले होते. म्हणजे दोष फळीच्या दोन्ही बाजूंना. दुसरे असे की भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि औषध देणारा पोरगा दुसराच, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या पोऱ्याला बारा-बारा तास उभे करून जो पगार देतात तो ऐकला तर त्याच्याकडून दुसऱ्याच्या अडचणीची विचारपूस मागणे हीच थट्टा वाटेल. २०१५ च्या नियमांनी फार्मासिस्टला रोग्याला सल्ला देण्याचे काम नेमून दिले आहे. त्या सल्ल्याचे पैसे कोणी द्यावयाचे, हे नियमांत आम्हांला सापडले नाही.

कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. क्षयाची औषधे विकताना रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहावे हा नियम २०१४ पासून, आणि ते नाव सरकारला कळवावे ही सक्ती २०१८ पासून. त्याच वर्षी रोग्याच्या आहारासाठी महिना ५०० रुपये बँकेत जमा करण्याची योजना निघाली. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आता पाहा, नाव कळविणे आणि गरज कळविणे ह्यांत केवढे अंतर आहे. नाव वर गेले, पण बाईचे बँकेत खातेच नाही, किंवा खाते आहे आणि ते नवऱ्याच्या हातात आहे, हे कोठल्याच रकान्यात बसत नाही. ते फळीवर समजते. आणि समजले तरी मोठ्याने बोलावयाचे नसते. चाळीत क्षयाचे नाव बाहेर फुटले तर मुलीचे ठरलेले लग्न मोडते. काका औषध नेहमी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत, आणि अशा माणसाशी बोलावयाचे असले की फळीच्या टोकाला, तराजूपाशी जात. सल्ला देण्यासाठी दुकानात निराळी जागा असावी, असे आता पुस्तकांतून सांगतात. काकांनी तराजूमागे ती केव्हाच केली होती.

विलायतेत २०१९ पासून सरकारी आरोग्यसेवेने डॉक्टरांच्या जोडीला खास माणसे नेमली आहेत. रोग्याचे भाडे थकले आहे की तो एकटा पडला आहे हे विचारून त्याला योग्य ठिकाणी ती पोचवितात. अमेरिकेत काही राज्यांतून औषधांच्या दुकानांतल्या मदतनिसांनाच हे शिक्षण देतात. तेथे ह्याला नवी कल्पना म्हणतात.

आपल्याकडे मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाड्याची वाट रोगाच्या भीतीने बंद करण्यात आली. त्या टाळेबंदीत किराणा आणि औषधे सोडली तर फारसे काही उघडे राहिले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेण्याच्या निमित्ताने माणसे दुकानापाशी येत आणि घरात शिधा संपल्याचे सांगत. आम्ही तेव्हा शिध्याच्या पिशव्या वाटीत होतो, आणि ह्या खेपेस यादी करावयास पहिल्यांदा गेलो ते काकांच्या मुलाकडे. वीस वर्षे उशीर झाला होता, पण गेलो. त्याने अर्ध्या तासात सव्वीस घरे सांगितली. आमच्या कार्यकर्त्यांच्या यादीत त्यांतली नऊ होती.

आता चाळी पाडून मनोरे उठत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत जन्म काढलेल्यांना त्याचे सुख काय आहे हे आम्हांला कोणी समजावून सांगावयास नको. औषधे आता फोनवर मागवली की वरच्या मजल्यावर येतात, आणणारा मुलगा बेल वाजवून निघून जातो. किती दिवसांची घेतली हे यंत्राला कळते. का कमी घेतली हे विचारावयास तो थांबत नाही, त्याला थांबण्याचे पैसे मिळत नाहीत.

दुकानाची आवराआवर झाली तेव्हा काकांच्या मुलाने आम्हांला एक वही दिली. १९८२-८३ सालची, लांबट, लाल पुठ्ठ्याची. उधारीची असेल असे आम्हांला वाटले होते, पण तीत रुपये जवळजवळ नाहीतच. तारीख, खोलीचा नंबर, नाव, आणि पुढे दोन आकडे: ३/७, २/५, १/५. घेतलेले दिवस वर, लिहिलेले दिवस खाली. ऑगस्टच्या पानावर आमच्या खोलीचा नंबर आहे, आईचे नाव आहे, आणि पुढे ३/१०. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. वही तिला दाखविली तेव्हा तिने नाव ओळखले. औषध कशाचे होते ते तिला आठवले नाही.